तिकीट तीन रात्रींचं, हिशोब चौदा रात्रींचा

साथीच्या बातम्या सुरू असताना क्रूझवर जायचं की नाही? टीव्ही बघून ठरवू नका आणि ऑफर बघून तर मुळीच नको. योकोहामापासून मुरगावपर्यंतच्या जहाजांनी या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय...

बॅलार्ड पिअरवरून क्रूझ निघाली, की उजव्या हाताला ताज आणि गेटवे दिसतात. रोज लोकलच्या दारात लटकून बघितलेली मुंबई ही नव्हेच, असं वाटायला लागतं. ना हॉर्न, ना धक्काबुक्की. हळूहळू कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्स दीपगृह मागे पडतं. अलिबागच्या बाजूला अंधारात कुठेतरी खांदेरी-उंदेरी असतात. आणि मग तो सोन्याचा क्षण येतो... मोबाइलची रेंज जाते. बॉसचा फोन लागत नाही! निव्वळ या एका सुखासाठी पैसे मोजणारी मंडळी आपल्याच ऑफिसात सापडतील.

तशी आपल्याला बोट काही नवी नाही. आपले आजोबा भाऊच्या धक्क्यावरून वळकटी घेऊन बोटीत चढायचे आणि कोकणात उतरायचे. फरक एवढाच, की त्यांना बोट 'लागायची' आणि आपली बोट फोटोंसाठी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. मुंबई-गोवा, सिंगापूर, भूमध्य समुद्र... हनिमूनपासून आई-बाबांच्या ॲनिव्हर्सरीपर्यंत सगळ्याला आता क्रूझचा पर्याय असतो.

आणि नेमकं 'पे नाऊ'वर बोट ठेवावं, तेव्हा बातमी येते. कुठेतरी कुठला तरी व्हायरस पसरतोय. मग घरचे दोन पक्ष. एक म्हणतो, 'काही होत नाही रे!' दुसरा म्हणतो, 'कशाला नसती जोखीम?' दोघंही आजारी पडण्याबद्दल भांडत असतात. जहाजाचा खरा प्रश्न वेगळा आहे. आजारी पडलात किंवा नाही पडलात, तरी उतरता येईल का?

योकोहामाची चौकट

'डायमंड प्रिन्सेस' २० जानेवारी २०२० रोजी योकोहामाहून निघालं. हाँगकाँगला २५ जानेवारीला उतरलेला एक प्रवासी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह निघाला. जहाज ३ तारखेला योकोहामाला परत आलं. बॅगा भरून तयार असलेल्या मंडळींना ५ तारखेला सांगण्यात आलं, की आता केबिनमध्येच राहायचं. चौदा दिवस!

जहाजावर ३,७११ माणसं होती. त्यातल्या ७१२ जणांना संसर्ग झाला. डझनाहून जास्त प्रवासी दगावले. जहाजावरच्या पहिल्या काही शे पॉझिटिव्ह लोकांपैकी जवळपास निम्म्यांना चाचणीच्या वेळी कसलंही लक्षण नव्हतं. म्हणजे धक्क्यावर कपाळाला लावलेली ती टेम्परेचर गन बघून निश्चिंत होणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं.

आता बुकिंगच्या भाषेत बोलू. स्वस्तातली स्वस्त केबिन म्हणजे 'इनसाइड', खिडकी नसलेली. तीन रात्रींसाठी एकदम झकास सौदा. झोपायलाच तर जायचंय! पण योकोहामात त्याच केबिनमध्ये लोकांनी दिवसच्या दिवस काढले. सूर्य बघायला पाळीपाळीनं थोडा वेळ डेकवर सोडायचे, तेही मास्क लावून आणि एकमेकांपासून लांब. समोर अख्खं योकोहामा शहर दिव्यांनी लखलखतंय आणि तुम्ही त्याच्यापासून काही पावलांवर अडकलेले.

त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यातले १३२ कर्मचारी आणि प्रवासी फक्त सहा. प्रवाशांना केबिनमध्ये बसवलं, पण त्यांना दारापर्यंत जेवण कोण देणार? कर्मचारीच. ते काम करत राहिले, मेसमध्ये एकत्र जेवत राहिले, छोट्या केबिन वाटून झोपत राहिले. ११९ भारतीयांना घेऊन विमान २७ फेब्रुवारीला दिल्लीत उतरलं आणि तिथून त्यांची रवानगी मानेसरला झाली. पुन्हा चौदा दिवस. मीटर परत शून्यापासून सुरू!

व्हायरस नाही, तरीही

त्याच महिन्यातलं दुसरं जहाज, 'वेस्टरडॅम'. यावर एकही पक्का रुग्ण नव्हता. तरी जपान, तैवान, फिलिपिन्स, गुआम आणि थायलंड अशा पाच ठिकाणी त्याला प्रवाशांना उतरवू दिलं नाही. शेवटी १३ फेब्रुवारी २०२० रोजी कंबोडियाच्या सिहानुकव्हिलनं त्याला जागा दिली. तोवर मंडळी समुद्रात गोल गोल. गोष्ट साधी आहे. विमान अडकलं तर विमानतळावर अडकतं, तिथून टॅक्सी तरी मिळते. जहाजाला बंदर लागतं आणि बंदर कुणाच्या तरी परवानगीनं मिळतं.

ही परवानगी फार जुनी भानगड आहे. 'क्वारंटाइन' हा शब्दच मुळात व्हेनिसकडचा, चाळीस दिवसांवरून आलेला. आजही परदेशी बंदरात शिरणारं जहाज पिवळा झेंडा लावतं. त्याचा अर्थ असा, की आमच्याकडे सगळे ठीकठाक आहेत, आत येऊ द्या. हो म्हणायचं की नाही, ते किनारा ठरवतो. तुमचं तिकीट, तुमची केबिन आणि तुमचं रिटर्न फ्लाइट यांना तिथे कुणी विचारत नाही.

गोवा समोर, पण...

हे सगळं परदेशातलं, असं वाटत असेल तर जानेवारी २०२२ आठवा. 'कॉर्डेलिया' क्रूझ नव्या वर्षाच्या मूडमध्ये मुंबईहून गोव्याला गेली. जहाजावर एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला आणि मुरगाव बंदरात सगळ्यांना थांबवलं. सुमारे दोन हजार लोकांच्या चाचण्या झाल्या आणि ६६ पॉझिटिव्ह निघाले. समोर गोवा! शॅक्स, बीच, सगळं हाकेच्या अंतरावर. पण जहाज बहुतेक सगळ्यांना घेऊन आल्या वाटेनं मुंबईला परतलं. इथे पुन्हा चाचण्या झाल्या आणि आकडा आणखी वाढला. सोमवारी ऑफिसला येतो म्हणून गेलेल्यांचं काय झालं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

आणि व्हायरस दरवेळी बातम्यांमधलाच असायला हवा असंही नाही. जहाजांचा जुना पाहुणा म्हणजे नोरोव्हायरस. उलट्या, जुलाब, एक ते तीन दिवसांत माणूस बरा. पण बुफेचा एक डाव, लिफ्टचं एक बटण, जिन्याचा एक कठडा हजार हातांतून जातो. गंमत अशी, की रेस्तराँच्या दारातल्या सॅनिटायझरला हा फारसा जुमानत नाही. साबण आणि पाणी, आईनं लहानपणी सांगितलेलं तेच! अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही आरोग्य संस्था न सांगता तपासणी करते आणि शंभरपैकी गुण देते. ८५ किंवा कमी मिळाले, की जहाज नापास. निकाल सगळ्यांना बघता येतो.

दोन माणसं, दोन निर्णय

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप तापले होते. हा व्हायरस २००१ पासून माहीत असलेला, बहुतेकांना सर्दी-खोकल्यावर सोडणारा. तेव्हा ओळखीतल्या दोघांनी उलटसुलट निर्णय घेतले.

पहिली पुण्याची, आयटीतली मैत्रीण. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून सिंगापूरहून क्रूझ ठरवलेली. बाबा ६९ वर्षांचे, डायबेटिस आणि अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की या वयात साधा श्वसनाचा संसर्गही न्यूमोनियावर जाऊ शकतो आणि जहाजावर असतो तो दवाखाना, मोठं हॉस्पिटल नव्हे. ती रद्दच करायला निघाली. बाबा म्हणाले, "अगं, दरवर्षी काही ना काही येणारच. आमच्या गुडघ्यांकडे अशी वर्षं किती उरलीत?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, थांबण्याचीही किंमत असते आणि ती म्हाताऱ्यांना जास्त पडते.

मग तिनं हिशोबच बदलला. इनसाइड केबिनऐवजी बाल्कनी. इन्शुरन्समध्ये बाबांचे सगळे आजार लपवाछपवी न करता लिहिले. औषधं चार दिवसांऐवजी पंधरा दिवसांची आणि तीही हातातल्या बॅगेत. फ्लूची लस निघण्याच्या बरीच आधी. स्वतःची रजा चार दिवसांची, पण मॅनेजरला आधीच सांगून ठेवलं, की वेळ पडली तर लांबेल. गेले, मजा करून आले. काही झालं नाही म्हणून तिचा निर्णय बरोबर, असं मी म्हणणार नाही. झालं असतं, तरी ते चौदा दिवस निभावले असते, म्हणून बरोबर.

दुसरा २९ वर्षांचा सहकारी. जिम, मॅरेथॉन, ठणठणीत. मित्रांबरोबर गोवा क्रूझ ठरलेली, ग्रुपमध्ये सगळ्यांनी 'डरपोक' म्हणून चिडवलं. त्यानं तिकीट सोडलं. बायकोला आठवा महिना लागला होता आणि पुढच्या आठवड्यात नव्या कंपनीत जॉइनिंग होतं. "मला काही होणार नाही रे, पण तीन रात्रींच्या सात झाल्या तर घरी कोण?" या प्रश्नापुढे कसली मॅरेथॉन?

बुकिंगआधी एवढं विचारा

- ट्रिप लांबली, तर औषधं, रजा आणि पैसे चौदा दिवस पुरतील?
- घरी लहान बाळ, गरोदर बायको किंवा आजारी आजी आहे? त्यांच्याकडे तेवढे दिवस कोण बघेल? आणि परत येताना आपण त्यांच्यासाठी काय घेऊन येऊ?
- इन्शुरन्समध्ये क्वारंटाइन आणि किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च आहे का? 'भीती वाटली म्हणून रद्द केलं', याचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत.
- कंपनीनं ट्रिप रद्द केली तर रोख परत मिळते की पुढच्या ट्रिपचं कूपन? आणि आपण रद्द केली तर कितव्या दिवसापर्यंत किती कापतात?
- वाटेतली बंदरं कुठली? सगळी एकाच देशातली असतील तर भानगड कमी.
- ज्याला न्यायचंय, त्याला विचारलंय का? आई-बाबांचं उत्तर गृहीत धरू नका, हो पण नाही आणि नाही पण नाही.

सगळ्यांची उत्तरं 'हो, जमेल' अशी आली तर खुशाल जा. बातम्या बघत केबिनमध्ये बसू नका, डेकवर उघड्या हवेत बसा. बुफेच्या गर्दीत शिरण्याआधी आणि शिरल्यानंतर हात धुवा. आणि तुमच्या टेबलावर ताट ठेवणाऱ्या पोराशी दोन शब्द बोला. तो बहुधा गोव्याचा, कोकणातला नाहीतर केरळचा निघेल. साथ आली, की जायचं की नाही हे आपण सोफ्यावर बसून ठरवतो. त्याच्या हातात कॉन्ट्रॅक्ट असतं. आपण ओला खोकला घेऊन, गोळी खाऊन ताप दाबून जहाजावर चढलो, तर आपली सुट्टी तीन रात्रींत संपेल. त्याला मात्र तो खोकला घेऊन त्याच जहाजावर पुढच्या प्रवाशांना वाढायचं असतं.

म्हणून शेवटचा नियम सगळ्यात सोपा. निघायच्या दिवशी अंगात ताप असेल तर पैसे बुडाले तरी चालतील, बॅग परत उघडा.