जावईबापूंचा टर्बो, तुझा सीएनजी

सातारा

चि. सौ. मनूस,



हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र.

तुझा प्रश्न एकच: गाडी टर्बो पेट्रोल घ्यावी की सीएनजी? जावईबापूंना पहिली हवी, तुला दुसरी, आणि आठवडाभर घरात धुसफूस चाललीय. बँकेत वाहनकर्जाचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. माझ्यासमोर बसून हुज्जत घालणारी जोडपी पुष्कळ पाहिली. त्यांची हुज्जत क्वचितच गाडीची असायची. तरी आधी गाडीचंच बोलू. तिचा हिशेब निदान कागदावर मांडता येतो.

जावईबापू म्हणतात त्यात तथ्य आहे. टर्बोत इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक पातं फिरवतो आणि ते पातं आत जादा हवा कोंबतं. म्हणून एवढंसं एक लिटरचं इंजिनसुद्धा १७० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं, तोही दीड-पावणेदोन हजार आरपीएमपासून. साध्या १.२ लिटरच्या इंजिनाला ११०-११५ मिळतो, आणि त्यासाठी त्याला चार हजारांच्या पुढे रेटावं लागतं. खंबाटकीचा चढ, गाडीत चार माणसं, एसी चालू आणि पुढे रांगणारा ट्रक, अशा वेळी हा फरक थेट पायाला कळतो. सीएनजीचं उलट. गॅस इंजिनाच्या सिलिंडरमधली हवेची जागा अडवतो, त्यामुळे ताकद दहाएक टक्के तरी पडते. शिवाय डिकीत टाकी, पंपावर रांग, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. घाटात मात्र बटण दाबून पेट्रोलवर घेता येतं, हे त्यांना सांग.

पण खंबाटकी तुम्ही ओलांडता कधी? गणपती, दिवाळी, फार तर मे महिना. एरवी गाडी कोथरूडहून हिंजवडीला जाणार. भूमकर चौकात टर्बो काय करील? बाकीच्यांसारखाच उभा राहील. कुणी डिझेल सुचवलं, तर तेही नको. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. सिग्नल-सिग्नलच्या प्रवासात जाळी चोंदते आणि खर्च काढते.

आता तुझी बाजू. मायलेजचा छापील आकडा विसर. तुमच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थांत तो रोलरवर मोजतात. तिथे खड्डे नसतात आणि रिक्षाही आडव्या येत नाहीत. शहरात पेट्रोलला लिटरमागे १५ आणि सीएनजीला किलोमागे २० किलोमीटर धर. पेट्रोल १०५ रुपये, सीएनजी ९० रुपये धरलं, तर एका किलोमीटरला ७ आणि साडेचार. वाचले अडीच रुपये. साध्या पेट्रोलपेक्षा सीएनजी ९० हजारांनी महाग असेल, तर ते वसूल व्हायला ३६ हजार किलोमीटर लागतील. महिन्याला ९०० किलोमीटर पळालात, तर तीन वर्षं चार महिने. म्हणजे तुझा हिशेब बरोबर आहे, पण तू सांगतेस तेवढा घसघशीत नाही. टर्बोलाही तेवढेच, कधी जास्तही, जादा मोजावे लागतील, आणि ते कधीच परत येणार नाहीत. ते पैसे हौसेचे.

मग जावईबापूंनी ते हौसेचे म्हणावेत की! ‘ओव्हरटेक करताना सुरक्षित’ वगैरे कशाला? हा मुलगा नोकरीला लागल्यापासून धाकट्यांच्या फिया भरतोय, कोल्हापूरला घरी पैसे पाठवतोय. स्वतःसाठी त्यानं पहिल्यांदा काही मागितलंय, आणि तेही गरजेच्या नावाखाली, कारण हौस म्हटलं तर तू हिशेबाची वही काढशील. तुझंही तसंच. तुला मायलेज नको, निर्धास्तपणा हवाय. तुझ्या बाबांचं दुकान बसलं, तेव्हा माझी ताई, तुझी आई, डब्यातले पैसे पुन्हा पुन्हा मोजायची, ते तू लहानपणी पाहिलंस. ही भीती नवऱ्याला कधी सांगितलीस का? की आकडेच सांगतेस? आकड्यांना तो आकड्यांनी उत्तर देतो आणि दोघंही वकील होऊन बसता.

माझं मत ऐक. एक संयुक्त खातं काढा, त्यात दोघांनी पगाराच्या प्रमाणात पैसे टाका, निम्मे-निम्मे नको. त्याचा पगार साठ आणि तुझा चाळीस असेल, तर घरखर्चही साठ-चाळीस. उरलेलं ज्याचं त्याच्या खात्यात. त्यातून त्यानं कोल्हापूरला किती पाठवले आणि तू ताईला किती दिलेस, हे एकमेकांनी विचारायचं नाही. अमुक रकमेवरचा खर्च मात्र आधी सांगायचा. सांगायचा, परवानगी मागायची नाही.

आता गाडी. साध्या पेट्रोल गाडीची किंमत संयुक्त खात्यातून. टर्बोचा जादा खर्च जावईबापूंच्या स्वतःच्या खात्यातून, सीएनजीचा तुझ्या; तिथे तेवढे साठले असतील तर. नसतील, तर साधं पेट्रोल घ्या किंवा थांबा. आणि टर्बो आलाच, तर डॅशबोर्डवरच्या मायलेजकडे बघून तू उसासे टाकायचे नाहीत. टेस्ट ड्राइव्हला दोघं मिळून जा, रविवारी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नव्हे, संध्याकाळी सहाला.

कर्जाचंही ऐकून ठेव. ८ लाख, ९ टक्के, सात वर्षं: हप्ता १२,८७० च्या आसपास, व्याज २ लाख ८१ हजार. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजार. हलक्या हप्त्याची किंमत ८५ हजार! शोरूममधला मुलगा ‘फक्त साडेपाच टक्के’ म्हणाला, तर फ्लॅट रेट आहे का ते विचार. पाच वर्षांसाठी फ्लॅट साडेपाच म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ १० टक्के. आणि समजूत काढायला जावईबापूंनी गाडी तुझ्या नावावर घ्यायचं काढलं, तर आधी लायसन्स काढ. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मालकाकडे लायसन्स असेल तरच लागू होतो.

सही करण्याआधी करारपत्राचे फोटो पाठव, सगळ्या पानांचे. बारीक अक्षरं वाचायची सवय अजून गेलेली नाही. हे पत्र जावईबापूंना वाचायला दिलंस तरी चालेल, पण पूर्ण दे. तुझ्या सोयीचा परिच्छेद तेवढा नको.

ताईला नमस्कार.

तुझी
मावशी