चीअर्स, खोताची वाडी!

आमच्या डोंबिवलीच्या घरात माळ्यावर एक प्लेट आहे. म्हणजे होती. पांढरी, काठाला निळी वेल, मध्ये बारीकसा तडा. ती आमची नव्हेच. गिरगावात आमच्या चाळीमागे खोताची वाडी, तिथल्या आँटींची. दर नाताळला ती भरून आमच्याकडे यायची आणि दर दिवाळीला आमचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं. २०१२ मध्ये चाळ रिकामी झाली, आम्ही डोंबिवलीला आलो आणि सामानाबरोबर ती प्लेटही आली. 'रिकामी कशी परत करायची?' हे आईचं लॉजिक. भरून न्यायला काही मुहूर्त लागेना. तब्बल तेरा वर्षं!

मुहूर्त लागला तो गेल्या डिसेंबरात, २०२५ च्या. तोही बिअरमुळे. अमेरिकेत क्राफ्ट बिअर आणि घरी केलेल्या ख्रिसमस कुकीज यांच्या जोड्या लावायचा फंडा आहे. तो वाचला आणि डोक्यात ट्यूब पेटली. कुकीज कशाला, आपल्याकडे आँटींचा नाताळचा फराळ आहे की! आईला अर्धंच सांगितलं. तिने लगेच भाजणी काढली, चकल्या पाडल्या आणि प्लेट तीनदा घासली. मी सीएसटीला उतरले, फोर्टातल्या वाईन शॉपमधून सहा कॅन घेतले आणि टॅक्सीला म्हटलं, 'गिरगाव'. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय एकवीस लागतं आणि कायद्याने परमिटही. माझ्याकडे दोन्ही आहे. उगाच पत्रं पाठवू नका.)

गिरगाव ओळखू येत नाही आता. आमची चाळ होती तिथे टॉवर आणि जवळच चकाचक मेट्रो स्टेशन. पण सेंट तेरेसा चर्चवरून आत वळलं, की टॅक्सीसुद्धा शिरणार नाही अशी ती गल्ली अजून तशीच. लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, कठड्यांवर कुंड्या आणि दारादारांत कागदी चांदण्या. दादोबा वामन खोतांनी एकोणिसाव्या शतकात इथले प्लॉट विकले ते मुख्यतः ईस्ट इंडियन कुटुंबांना. हे मुंबई-वसईकडचे मराठी बोलणारे ख्रिश्चन. गोवेकर आणि मंगळुरी ख्रिश्चनांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. एकेकाळी वाडीत पासष्टेक घरं होती, आता तिसाच्याही आत आली आहेत.

आँटींनी दार उघडलं. माझ्याकडे नाही, आधी प्लेटकडे पाहिलं.

"ही माझी प्लेट."

"हो आँटी. मी मागच्या चाळीतली..."

"माहीत आहे. आईने लय उशीर केला, बाय."

टेबलावर पेपर पसरला होता आणि त्यावर कुलकुल वळायचं काम चाललं होतं. मैदा, अंडं आणि नारळाच्या दुधाचं पीठ. त्याची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अलगद गुंडाळायची. शंखासारखा आकार येतो, मग तळायचं आणि पाकात घोळायचं. लहानपणी चाळीतली आम्ही सगळी पोरं इथे येऊन वळायचो, कारण हे एकट्याचं कामच नाही. पाच किलोचं पीठ, दहा हात, गप्पा आणि रेडिओ. आता आँटींची दोन्ही मुलं परदेशात. यंदा पीठ एक किलोचं. "पुढच्या वर्षी विकतच आणणार होते," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात काटा दिला.

दोन तास वळत बसले. माझे कुलकुल अळ्यांसारखे झाले. असो.

कॅन बाहेर काढले तेव्हा थोडी टरकले होते. पण आँटी हसल्याच. लग्ना-बारशाला आमच्याकडे गरम मसालेदार खिमाड असतं, म्हणाल्या, नाताळला घरची वाईन असते, गोडाबरोबर पिणं तुम्ही मला काय शिकवणार? मग कपाटातून वाईनचे छोटे ग्लास काढले. हे एकदम परफेक्ट. कॅन तोंडाला लावला तर वासच कळत नाही आणि अर्धी चव वासात असते.

पहिली जोडी नानखटाई आणि हेफेवायझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. हिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण केळं नसतं की लवंग नसते. ती सगळी यीस्टची करामत. आँटींच्या नानखटाईत तूप सढळ आणि वर जायफळ. जायफळाला लवंग भेटली आणि बिअरच्या बुडबुड्यांनी जिभेवरचं तूप धुऊन नेलं. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा! ज्यांना क्राफ्ट बिअर म्हणजे नुसतं कडू पाणी वाटतं, त्यांनी इथून सुरुवात करावी.

दुसरी जोडी माझी लाडकी होती आणि तिचाच सॉलिड पोपट झाला. पाकातले कुलकुल आणि आयपीए. मला वाटलं, गोड आणि कडू, मस्त कॉण्ट्रास्ट. आँटींनी एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की मी ग्लासच उचलला. साखरेनंतर हॉप्सचा कडवटपणा दुप्पट लागतो, कडुलिंबाचा काढा जणू. यात बिअरचा दोष नाही, जुळवणाऱ्याचा आहे. गोडाबरोबर बिअर घ्यायची तर तिच्यातही थोडा गोडवा किंवा भाजका स्वाद हवा. नाहीतर पदार्थ जिंकतो आणि बिअर तोंड वाकडं करते. तेवढ्यात आँटींनी चकलीचा तुकडा मोडला आणि तोच आयपीए पुन्हा उचलला. "हां, हे चालतंय." तिखट-खारी भाजणी आणि संत्र्याच्या सालीसारखा हॉप्सचा वास. झक्कास! म्हणजे सगळ्यात कडू बिअरची जोडी जमली ती आईच्या चकलीशी. आई डोंबिवलीत निवांत, तिला याची गंधवार्ता नाही.

पेरूचं चीज बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरबरोबर छान लागलं. या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे पेरूचा आंबटगोड दाटपणा हलका होतो.

आणि मग थाळी स्वीट. रवा, ओलं खोबरं, बदाम, अंडी आणि साखर एकत्र करून थाळीत भाजलेला हा केक, वरून तपकिरी, आतून ओलसर. याच्याबरोबर स्टाऊट. स्टाऊट काळी होते भाजलेल्या धान्यामुळे, म्हणून तिच्यात कॉफी-चॉकलेटचा वास येतो. फक्त ती बर्फगार घेऊ नका. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. आम्ही ठेवली, कारण मध्येच आँटींना टोरांटोहून व्हिडिओ कॉल आला. लेक तिकडून थाळीतल्या एकेका तुकड्याकडे बघत होती आणि आँटी इकडून कॅमेऱ्याला ग्लास दाखवत होत्या. कॉल संपल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एक घास, एक घोट. "खोबरं भाजल्याचा वास वाढतो, नाय?" नेमकं तेच मला आठशे शब्दांत लिहायचं होतं.

एक फुकटची माहिती देते, पार्टीत मारायला बरी पडते. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, तिचं नाव डुलाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तिथल्या छावणीत घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून गोरे सोल्जर भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून इंग्रजीत 'डुलाली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे ताप. हे ऐकून आँटी म्हणाल्या, वाट बघून डोकं फिरतं हे सांगायला सोल्जर कशाला हवेत?

बिल्डरचं पत्र फ्रिजवर मॅग्नेटखाली होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

निघताना मी प्लेटची वाट बघत उभी. आँटींनी ती धुतली, पुसली आणि सरळ कपाटात ठेवली. माझ्या हातात आला आइस्क्रीमचा रिकामा डबा, आत थाळी स्वीट, नानखटाई आणि माझ्या अळ्या. "प्लेट दिली तर परत तेरा वर्षं. डबा ठेव तुझ्याकडे. प्लेट इथे आहे, आईला म्हणावं, स्वतः येऊन भरून ने."

रात्री आईने उभ्याउभ्याच थाळी स्वीटचा तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. मग विचारलं, "यात आँटी काय घालतात गं? आणि तू आल्यापासून हा कसला वास येतोय?"

उरलेला स्टाऊटचा कॅन सध्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे आहे. आईने पाहिलाय. काढून टाक म्हणाली नाहीये.