माणसाळलेलं तळं

कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याला एकटं राहता येत नाही. त्याच्याविषयी काहीही सांगायचं तर ही खोड आधी सांगायला हवी. माणूस दूर गेला की बहरणारं रानातलं पाणी वेगळं, हे वेगळं. बेंगळुरूला बारमाही नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या या उंचवट्यावर पडलेला पाऊस उतार दिसेल तिकडे निघून जातो. म्हणून इथल्या गावकऱ्यांनी ओढ्यांवर मातीचे बांध घातले आणि एका तळ्यातून सांडलेलं पाणी खालच्या तळ्याला मिळेल अशी सोय लावली. सर्जापूर रस्त्यालगतचं हे सुमारे ४८ एकरांचं तळं त्याच गोतावळ्यातलं. वरच्या अंगाला कसवनहळ्ळी, खाली सौळ केरे, त्याहून खाली बेळंदूर. जन्मच माणसाच्या हातून झालेला, त्यामुळे माणसाची सवय जडली ती कायमची.

पूर्वी त्याच्या दिमतीला माणूस असेही. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, आधी कुणाच्या शेताला, हे नीरगंटी बघत असे. आपल्याकडे पांझरा नदीकाठच्या फड सिंचनात पाटकरी बघायचा तसंच. गाळ काढून शेतात टाकायचा, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. तळं भाताला, गुराढोरांना पाणी देई आणि गावाकडून चाकरी करून घेई. पुढे नळ आले. १९७४ पासून कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून शहरात येऊ लागलं. हळूहळू शेतं विकली गेली, नीरगंटी गेला, तळं बेकार झालं.

बेकार तळ्याचं बेंगळुरूत काय होतं? धर्माम्बुधीच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक उभं आहे, संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम. थोरला बेळंदूर जागेवर राहिला खरा, पण शहराचं सांडपाणी पोटात घेऊन घेऊन फेसाळला, आणि २०१७ व २०१८ मध्ये चक्क पेटला. त्याला आग लागल्यावर जगभर बातम्या झाल्या. पाणी होतं तोवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

कैकोंड्रहळ्ळीही त्याच वाटेला लागलं होतं. सांडपाणी, राडारोडा, उन्हाळ्यात उघडं पडणारं बूड. ते वाचलं ते काठावरच्या माणसांमुळे. नव्या अपार्टमेंटांतले रहिवासी आणि जुन्या गावातली मंडळी एरवी एकमेकांच्या वाटेला फारशी जात नाहीत. इथे ती एकत्र महानगरपालिकेच्या मागे लागली. २००९ ते २०११ या काळात पालिकेने तळ्याचं पुनरुज्जीवन केलं आणि देखभालीला लोकांचा ट्रस्ट उभा राहिला. त्याचं नाव महादेवपुरा परिसर संरक्षणे मत्तु अभिवृद्धी समिती. तोंडभर नाव आहे, पण माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की नीरगंटीची रिकामी जागा भरली.

या तळ्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत परिसरशास्त्रज्ञ हरिणी नागेंद्र होत्या. त्यांनी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यासह बेंगळुरूच्या सात तळ्यांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ऑस्ट्रॉमबाई हयात नव्हत्या. सामायिक मालमत्ता विकली नाही किंवा सरकारच्या हवाली केली नाही तर तिची नासाडी ठरलेलीच, हे बाईंना मान्य नव्हतं. वापरणारी माणसं स्वतः नियम करतात आणि पाळतात, हे त्यांनी देशोदेशीचे दाखले देऊन मांडलं. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. कैकोंड्रहळ्ळीत ते नियम फिरता फिरता दिसतात. गुरंवाल्यांना काठाचं गवत कापून नेता येतं. गणपती तळ्यात नाही, शेजारच्या कल्याणीत, म्हणजे कुंडात, विसर्जित होतात. शेजारी सरकारी शाळा आहे, तिच्या पोरांना तर हे तळं घरचंच.

माणसांइतकाच पाखरांचा राबता. भल्या सकाळी पाणकणसांतून जांभळी पाणकोंबडी ऐटीत बाहेर येते आणि कानात बोंडं घालून पळणाऱ्यांकडे साफ दुर्लक्ष करते. पळणारेही तिच्याकडे करतात. चोचीचं टोक हळदीचं, मुळाशी कुंकवाचे ठिपके अशी हळदीकुंकू बदकं जोडीनं फिरतात. काळे वारकरी कपाळी पांढरा टिळा लावून दिंडीनं पोहतात; टिबुकली एवढीशी, बुडी मारते ती कुठे वर येईल याचा नेम नाही. पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात, रातबगळे झाडांत दिवसभर पेंगतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालत आलेली. त्या दिवसांत पाणथळींच्या काठी दुर्बिणी घेतलेली माणसं आकड्यावरून वाद घालताना भेटतात. वर्षातून एकदा इथे केरे हब्बा, म्हणजे तळ्याचा सण भरतो. गोष्टी, चित्रं, पक्षी आणि झाडं ओळखायच्या फेऱ्या, आणि पोरांचा कालवा. तळ्याला गर्दी मानवते.

त्याचा दोष म्हटला तर सोशिकपणा. कुणी चोरून मैलापाण्याचा पाइप सोडला तरी ते नाही म्हणत नाही. त्यातल्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच ओढून घेतं. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी उरतो आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. मार्च २०१६ मध्ये शहरातल्या हलसूर तळ्यात हजारो मासे असेच उलटे तरंगले. तळं बोलत नाही. त्याचं दुखणं मासे मेल्यावर कळतं, म्हणून रोज पाणी बघणारं कुणीतरी लागतं.

दुसरं भय सुशोभीकरणाचं. या शब्दाची मला धास्तीच आहे. काठ दगडांनी बांधून काढायचे, गवत खरवडायचं, रंगीत दिवे लावायचे. ठेकेदाराला जी घाण दिसते त्या पाणकणसांत पाणकोंबडीचं घरटं असतं, आणि जो चिखल दिसतो त्यात तुतवारांचं जेवण. काठ थोडा गबाळा असू द्यावा. तळ्याची शोभा त्यातच आहे, निदान पाखरांचं मत तरी तसंच आहे.

बेंगळुरूला गेलात तर हिवाळ्यात एका सकाळी इथे जाऊन या. सोबत पोरं न्या, जमलं तर दुर्बीण न्या. पाव मात्र नेऊ नका. माशांना घातलेला पाव पाण्यात कुजतो आणि त्यांचाच श्वास कोंडतो.