मोबाईल काढून घेणार नाही

माझी मुलगी अमरावतीत नववीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती अकोल्याला, जठारपेठेत माझ्या माहेरी होती. तिथून आईचा फोन आला. "पोट्टी सारखी आरशापाशी उभी राह्यते. मामीले विचारून राह्यली होती, थ्रेडिंग दुखते का म्हणून. काहून वं, काय झालं तिले?"

आईनं विचारून विचारून तिच्याकडून काय झालं ते काढून घेतलं. वर्गातल्या कुणीतरी 15 ऑगस्टच्या कार्यक्रमातल्या फोटोतून तिचा चेहरा कापून व्हॉट्सॲपचं स्टिकर केलं होतं. वरच्या ओठावर जाड काळी मिशी काढली होती, खाली 'मिशीवाली मॅडम'. हिनं ग्रुपवर विज्ञानाचा गृहपाठ विचारला, उत्तरात स्टिकर. कुणाचा वाढदिवस असला, तरी केकच्या फोटोखाली तेच. वर्गाचे दोन ग्रुप आहेत. एकात बाई आहेत, पालकांचे नंबर आहेत. दुसरा पोरांनी स्वतःचा काढलेला, त्यात मोठं माणूस कुणीच नाही. हे सगळं त्या दुसऱ्या ग्रुपवर चाललं होतं.

तिनं ते आजीला दाखवलं, कारण आजी मोबाईल काढून घेणार नव्हती. लेकरं आपल्यापासून लपवतात ती बहुतेक वेळा याच भीतीनं. त्रास दुसऱ्यानं द्यायचा आणि फोन आपला जायचा, वर "तू कशाला त्या ग्रुपवर गेली?" हेही ऐकायचं. म्हणून ती घरी आल्यावर मी आधी एवढंच सांगितलं, की फोन तुझ्याकडेच राहील आणि तुला विचारल्याशिवाय मी कुणाकडे जाणार नाही.

मग दोघी मिळून बसलो. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी स्क्रीनशॉट काढले, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे. ग्रुपचं नाव आणि सदस्यांची यादीही घेतली. रागाच्या भरात आधी सगळं डिलीट केलं, की पुढे दाखवायला हातात काही उरत नाही.

"लक्ष देऊ नको, अभ्यास कर, मार्क पाहून सगळे गप्प बसतील," हा सल्ला नातेवाइकांकडून भरपूर मिळाला. मला तो अजिबात पटत नाही. एप्रिल 2024 मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला 98.5 टक्के मिळवून पहिली आलेल्या मुलीचा फोटो पेपरात आला आणि चेहऱ्यावरच्या केसांवरून तिला देशभरातल्या लोकांनी छळलं. राज्यात पहिली येऊनही ती सुटली नाही. दोष तिच्यात नव्हता, मग मार्कांनी तो धुऊन कसा निघणार?

शाळेत आधी उत्तर मिळालं, की तो ग्रुप शाळेचा नाही. मी म्हटलं, ग्रुप शाळेचा नसेल, पण 'मिशी, मिशी' ही हाक वर्गात बेंचवरून येते, ती तर शाळेचीच आहे ना? वर्गशिक्षिकेला ते पटलं. मुलीची हरकत नव्हती, म्हणून ज्याने स्टिकर केलं त्याच्या घरीही गेले. त्याचे वडील म्हणाले, "ताई, पोट्टे हायेत, मजाक करून राह्यले." मी वाद घातला नाही. एकेक स्क्रीनशॉट त्या मुलाच्या आईसमोर ठेवला. चौथ्या-पाचव्यावर तिनं मोबाईल खाली ठेवला आणि पोराला आतून हाक मारली. तो मान खाली घालून म्हणाला, "सगळेच पाठवत होते."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. बनवणारा एकच होता, पाठवणारे आणि त्यावर हसणारे बरेच. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी 1980 च्या दशकात शाळांमधल्या छळाविरुद्ध जो कार्यक्रम आखला, तो म्हणूनच एकट्या दांडग्या पोरापुरता नव्हता. बघे, वर्ग, शिक्षक, पालक, सगळ्यांना त्यात धरलं होतं. आमच्याही शिक्षिकेनं पालकसभा लावली. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी स्टिकर ज्याने सेव्ह केलं त्याच्या फोनमध्ये राहतं. म्हणून प्रत्येक घरात ते वेगळं शोधून काढून टाकावं लागलं.

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुकवर खातं ठेवता येत नाही. आपल्याकडेही तसं करा, असं काही पालक म्हणतात. पण तिथल्या बंदीतही व्हॉट्सॲप नाही. हे स्टिकर तिथेही आलंच असतं.

आमचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं नाही. पण फोटोशी अश्लील छेडछाड असेल किंवा धमकी असेल, तर पालकसभेची वाट पाहू नका. पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं त्यासाठीच आहेत. सायबर पोलिसांकडे जा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. आणि तसा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा काका-मामांना पाठवू नका, लहान मुलांचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर लेकरू स्वतःही फोन करू शकतं.

थ्रेडिंग करायचं की नाही, हे माझ्या मुलीनं तिचं तिनं ठरवलं. मी विचारलं नाही.

ज्यांच्या मुलांना असा काही त्रास नाही, त्या आईबापांना माझी एक विनंती आहे. आज जेवताना मुलाला विचारा, तुमच्या ग्रुपवर सध्या कुणावर हसणं चाललं आहे? आणि तो सांगायला लागला, तर त्याचा मोबाईल काढून घेऊ नका.