अर्धा किलोमीटर

बदलीच्या गावी गेलेल्या सरकारी नोकराला त्या गावाची पहिली ओळख होते ती तेथील देवळांमुळे नव्हे, समुद्रामुळे नव्हे, की तेथील खाद्यपदार्थांमुळेही नव्हे. ती होते घर ते कचेरी या एका रस्त्यामुळे. बाकीचे गाव रविवारी पाहायचे असते आणि रविवार घरातील सामान लावण्यात व मुलाच्या शाळेच्या चौकशीत निघून जातात. आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव असाच असेल. मला चेन्नई भेटली ती अशी, उपनगरी गाडीच्या खिडकीतून. २०१८ च्या पावसाळ्यात मी तेथे रुजू झालो. वेलाचेरीस दोन खोल्यांची जागा मिळाली आणि कचेरी चिंताद्रिपेट स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर होती. पुढे तीन वर्षे, मधला टाळेबंदीचा काळ सोडला तर, मी रोज दोनदा त्या मार्गाचा प्रवासी होतो.

हा मार्ग मोठा चमत्कारिक आहे. चेन्नई बीचपासून वेलाचेरीपर्यंत तो सुमारे एकोणीस किलोमीटर जातो आणि त्यांपैकी बहुतेक अंतर जमिनीपासून उंच, खांबांवरून. स्थानके एवढी विस्तीर्ण की तिरुमयिलैच्या तळमजल्यावर एखाद्या गावचा आठवड्याचा बाजार सहज भरावा. माझ्या काळात मात्र त्या दालनांत धूळ, कबुतरे आणि दुपारची झोप घेणारी चार माणसे एवढेच असे. गाडी चांगली होती, तिकीट स्वस्त होते. पण पंधरा-वीस मिनिटांनी येणाऱ्या गाडीसाठी माणसाने दोन मजले चढावे, आणि उतरल्यावर बस गाठण्यासाठी पुन्हा पायपीट करावी, असा तो सारा बेत होता. ज्यांनी तो आखला त्यांनी रुळांचा विचार फार बारकाईने केला असावा. रुळांपर्यंत येणाऱ्या माणसाचा तितकासा केला नसावा.

नवल याचे वाटते की, हे शहर या बाबतीत मुळीच अडाणी नव्हते. विजेवर चालणारी ट्राम हिंदुस्थानात पहिल्यांदा धावली ती याच मद्रासेत, १८९५ साली. घराच्या उंबरठ्यापाशी थांबणारी ती हलकी रेल्वे १९५३ मध्ये बंद पडली. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी शहराच्या वाहतुकीचा अभ्यास झाला आणि समुद्रकिनाऱ्याला समांतर असा नवा उपनगरी रेल्वेमार्ग हवा असे ठरले. त्याला मंजुरी मिळाली १९८३-८४ च्या सुमारास. चेपॉकपर्यंत पहिली गाडी आली १९९५ मध्ये, मैलापुरास १९९७ मध्ये, तिरुवान्मियूरला २००४ मध्ये आणि वेलाचेरीला २००७ मध्ये. ज्या तरुण अभियंत्याने या मार्गाचा पहिला नकाशा काढला असेल, तो वेलाचेरीस गाडी पोहोचण्यापूर्वीच निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभा राहिला असणार.

मार्गासाठी जागा कोठून आणावी, हा मुख्य प्रश्न होता. तिरुवल्लिकेणी आणि मैलापूर ही दाट, जुनी वस्ती. तेथे घरे पाडून रूळ घालणे अशक्यप्राय होते. तेव्हा योजनाकारांची दृष्टी गेली बकिंगहॅम कालव्याकडे. शहराच्या मधून जाणारा हा सरकारी मालकीचा जुना जलमार्ग. त्यावरची नावांची वाहतूक थांबलेली आणि पाणी काळे पडलेले. त्यास ना घरमालक, ना भाडेकरू. खांब कालव्याच्या पात्रात आणि काठावर उभे राहिले आणि गाडी पाण्यावरून धावू लागली. या खांबांनी कालव्याचा गळा आवळला, पावसाळ्यात पाणी तुंबते, अशी तक्रार तेथील जाणती माणसे आजही करतात, आणि ती खोटी नाही. जो तक्रार करू शकत नाही त्याच्याच अंगावर आपल्या योजना बहुधा उभ्या राहतात. हे वाक्य मला त्या वेळी सुचले नव्हते. ते सुचण्यासाठी पुढचा प्रसंग घडावा लागला.

वेलाचेरीच्या फलाटाच्या टोकाशी उभे राहिले की पूल तसाच पुढे गेलेला दिसे. मार्ग परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट, येथे जुन्या उपनगरी मार्गास मिळावा म्हणून आणखी पाच किलोमीटरचे काम २००८ च्या सुमारास सुरू झाले होते. त्यातील साडेचार किलोमीटर उभे राहिले आणि उरलेला अर्धा किलोमीटर अडला. तेथे कालवा नव्हता, माणसांची घरे होती. जमिनीच्या मोबदल्याचा वाद न्यायालयात गेला आणि वर्षांमागून वर्षे तेथेच राहिला. २०१९ च्या मार्चमधील एका रविवारी मी तो सांधा पाहावयास मुद्दाम पायी गेलो. डोक्यावरून पूल माझ्याबरोबर चालला होता. पुळुदिवाक्कम, आदंबाक्कम अशी स्थानकांची बांधकामे लागली. त्यांत एकही प्रवासी नव्हता. आणि मग एके ठिकाणी पूल एकाएकी संपला. काँक्रीटच्या तोंडातून गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या. पलीकडे घरे होती, गच्चीवर कपडे वाळत होते. अर्ध्या किलोमीटरसाठी साडेचार किलोमीटर फुकट! मी मनातल्या मनात साऱ्या यंत्रणेला नावे ठेवली. यंत्रणा म्हटले की आपण तीत स्वतःला कधी धरत नाही, ही आपली जुनी खोड आहे.

माझ्या टेबलावर त्या दिवसांत कुटुंब-निवृत्तिवेतनाची प्रकरणे होती. त्यांपैकी एक होते एका दिवंगत चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याच्या विधवेचे. २०१८ च्या नोव्हेंबरात ते माझ्याकडे आले आणि मी त्यावर हरकत काढली. नवऱ्याच्या सेवापुस्तकात तिच्या नावाच्या आधी एक अक्षर होते, आधारपत्रावर दुसरेच. तमिळ माणसे आडनाव लावीत नाहीत. नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात आणि लग्न झालेल्या बायका पुष्कळदा त्याऐवजी नवऱ्याच्या नावाचे लावतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीन पायऱ्यांच्या मुलुखातून आलेलो. मी लिहिले, ‘नावात तफावत. खुलासा मागवावा.’ तिने खुलासा दिला. मी प्रतिज्ञापत्र मागितले. फेब्रुवारीत तिने तेही आणले. तोपर्यंत आद्याक्षरांची ती रीत मला नीट समजली होती. ही बाई तीच आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नव्हती. तरीही मी तहसील कचेरीचा दाखला मागितला. का मागितला? कारण उद्या लेखापरीक्षणात कोणी विचारले तर कागद असावा. शेजारच्या टेबलावरील वयस्क सहकारी कौतुकाने म्हणाले, “तुमच्या कामात कोणी बोट घालू शकणार नाही.” मला ते प्रशस्तिपत्र वाटले.

जूनमध्ये ती तिसऱ्यांदा आली. तो २०१९ चा उन्हाळा चेन्नईकरांच्या चांगला लक्षात आहे. शहराचे तलाव आटले होते. गल्लोगल्ली टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत. बाई साठीची असेल. ती आली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते आणि तिचा कागद घेणारा शिपाई जेवावयास जाण्याच्या बेतात होता. मी त्याच्यामार्फत विचारले, “अम्मा, सकाळी लवकर का आला नाहीत?” तिने पाण्याची रांग, मग वेलाचेरीपर्यंत बस, मग गाडी असा सारा हिशेब सांगितला. राहावयास ती आदंबाक्कमच्या पलीकडे, त्या तुटलेल्या पुलापाशीच होती. शेवटी ती काहीतरी बोलली आणि शिपाई हसला. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, “सार, ती म्हणते, रेल्वे आमच्या दारापर्यंत आली आहे, फक्त गाडी येत नाही.”

तिने ते रागाने म्हटले नव्हते, टोमणा म्हणूनही नव्हे. परंतु मला त्या तुटलेल्या पुलाच्या सळया दिसल्या. तिचे निवृत्तिवेतनही तसेच मंजुरीच्या दारापर्यंत आले होते. पुढचा अर्धा किलोमीटर मी होतो.

त्या रात्री मला आजीची आठवण झाली. आमचे मूळ गाव माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजीने दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या वाहिल्या. सुकडी खाऊन दिवस काढल्याच्या गोष्टी ती सांगे. त्यांत उन्हाबद्दल, भुकेबद्दल फारशी तक्रार नसे. तक्रार असे ती हजेरी मांडणाऱ्या कारकुनाबद्दल. “हात फुटलं त्याचं काय न्हाय, बाळा. पर मस्टरवर नाव चुकलं म्हून त्यानं एक हप्ता रोखला. म्हनला, आंगठा हाय पर नाव जुळत न्हाय. नाव जुळत न्हाय म्हंजी काय? मी तर हितंच हुबी हुते की त्याच्या म्होरं!” लहानपणी हे ऐकताना आम्हां नातवंडांना त्या कारकुनाचा भारी संताप येई. त्याच आजीने, पोराने शिकावे आणि सरकारी खुर्चीत बसावे म्हणून, आपल्या मुलाला आणि पुढे मला पदवीपर्यंत पोहोचविले. खुर्ची मिळाली, आणि मी त्याच कारकुनाचे वाक्य अधिक शुद्ध भाषेत लिहू लागलो.

पुढे त्या कालव्याचा इतिहास वाचण्यात आला आणि माझी अस्वस्थता आणखी वाढली. मद्रासेहून उत्तरेकडे एन्नोरपर्यंतचा भाग १८०६ च्या सुमारास खणला गेला. परंतु शहरातील कूवम आणि अड्यार या नद्यांना जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा १८७७-७८ मधील आहे. तो खणला दुष्काळपीडितांनी, आणि कालव्यास नाव मिळाले तेव्हाचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे. म्हणजे मी रोज ज्यावरून जात होतो तेही एक दुष्काळी कामच होते. तो दुष्काळ आपल्या दख्खनेतही तितकाच भीषण होता. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून ती रोजचे एक रतल धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली, ती याच काळात.

आठ किलोमीटरचा कालवा दोन वर्षांत झाला आणि अर्धा किलोमीटरचा पूल दहा वर्षांत झाला नाही, यावरून ‘त्या वेळी कामे होत असत’ असा निष्कर्ष काढणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. तिसऱ्या प्रहरीच्या चहाबरोबर मीही तो काढला असता. परंतु कालवा लवकर झाला याचे कारण उघड आहे. भुकेल्या माणसाला वकील नसतो. त्याला मनाई हुकूम मिळत नाही. आदंबाक्कमच्या घरमालकाला तो मिळू शकतो, आपल्या घराचे मोल विचारता येते, ही मधल्या दीडशे वर्षांतील कमाई आहे. गाडी त्यासाठी थांबली असेल तर तेवढे थांबणे मला मान्य आहे.

मान्य नाही ते दुसरे थांबणे. एक विलंब असा असतो की त्यामुळे कोणाचे तरी घर वाचते. दुसरा असा की त्यामुळे केवळ टिपण लिहिणाऱ्याची कातडी वाचते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. दोहोंत ‘नियमानुसार’ हा शब्द असतो. त्यांतला भेद बाहेरच्या कोणालाही ओळखता येत नाही, वरिष्ठांना नाही, लेखापरीक्षकांना तर नाहीच. तो ज्याने हरकत काढली त्यालाच ठाऊक असतो. माझ्या पहिल्या हरकतीत अज्ञान होते. त्याची लाज वाटते, पण टोचणी लागत नाही. फेब्रुवारीतील हरकतीत अज्ञान नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी टिपण लिहिले. आद्याक्षरांची रीत चार ओळींत मांडली, आधीचे प्रतिज्ञापत्र पुरेसे असल्याचे नमूद केले, आणि तहसीलच्या दाखल्याची मागणी मीच केली होती व ती अनावश्यक होती, हेही लिहिले. शेवटचे वाक्य अधीक्षकांनी वाचले, माझ्याकडे पाहिले आणि पेन्सिलीने त्याखाली बारीक रेघ ओढली. वाक्य तसेच राहू दिले. आठवड्याभरात मंजुरी निघाली. थकबाकीसह रक्कम बँकेत गेली. मधल्या सात महिन्यांबद्दल मला कोणी काही विचारले नाही. विचारण्याजोगे कागदावर काही नव्हतेच. त्या बाईंना पुन्हा कचेरीत येण्याचे कारण उरले नाही, आणि मला त्यांची क्षमा मागण्याची संधीही. तिसऱ्या खेपेस त्यांना बसावयास खुर्ची दिली होती की नाही, हे आठवण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. आठवत नाही. दिली नसावी.

२०२१ मध्ये माझी बदली झाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वेलाचेरीच्या फलाटाच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. पूल तसाच पुढे गेलेला होता. मी आल्यानंतर त्या सांध्याचे काम पुन्हा हाती घेतल्याची बातमी वाचली आणि एखाद्या नातेवाइकाचे रखडलेले काम मार्गी लागावे तसा आनंद झाला.

आता नव्या गावी नवे टेबल आहे आणि नवी माणसे आहेत, त्यांच्या नावांच्या रीतीही नव्या आहेत. हरकती मी आजही काढतो. काही काढाव्याच लागतात. मात्र ‘खुलासा मागवावा’ असे लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबते. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे मी एकदा नीट पाहून घेतो. आजी म्हणे तसे, ते माणूस तेथेच तर उभे असते.