नकाराच्या पत्रातलं उत्तर

सरकारी नोकरी लागली की माणसाचं कल्याण झालं, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पण नोकरीत असताना शरीरानेच साथ सोडली तर? सेकंड इयरला असताना हा प्रश्न आमच्या घरात येऊन बसला.

माझे बाबा एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. रजा संपत आली तेव्हा साहेबांनी रुग्णता निवृत्तिवेतनाचा अर्ज करायला सांगितलं. वैद्यकीय मंडळाने लिहिलं, 'वाहन चालविण्यास असमर्थ, बैठे काम करू शकतील.' झालं! काम करू शकता म्हणून पेन्शन नाही, आणि गाडी चालवता येत नाही म्हणून काम नाही. पगार बंद. माझ्या मेसच्या बिलासाठी बाबा उसने पैसे पाठवायचे आणि फोनवर म्हणायचे, "तू अभ्यासाकडे बघ."

वकील करायचा तर फी कुठून आणणार? शेजारचे निवृत्त हेडक्लार्क काका म्हणाले, "जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे." विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्यानुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दाखला जोडून अर्ज केला.

वकील मॅडमनी पत्र दोनदा वाचलं आणि हसल्या. "अहो, नकाराचं कारणच तुमच्या बाजूचं आहे!" २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) सांगतं, की सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. जागाच नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं. १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ होतंच. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्याच कलमाखाली न्याय दिला होता.

बाबांना तरी पेन्शन कुठे हवी होती? त्यांना काम हवं होतं.

मॅडमनी आधी खात्याकडे निवेदन द्यायला लावलं, पोच घेऊन. तिथे दाद मिळाली नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट'. तिथे अंतिम आदेशापासून साधारण एका वर्षात जावं लागतं. ती वेळ आली नाही. चार महिन्यांनी बाबा आवक-जावकच्या टेबलावर रुजू झाले, पगार तोच. मधल्या महिन्यांच्या पगाराचा पत्रव्यवहार मात्र अजून चालू आहे.

मित्रांनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कुणी ना कुणी सरकारी नोकरीत आहे. असं पत्र आलंच तर कपाटात ठेवू नका. तारीख लिहून ठेवा, कारण नीट वाचा, आणि पैसे नाहीत म्हणून वकील नाही असं धरून चालू नका.