हाफेनसिटी : हॅम्बुर्गच्या जुन्या धक्क्यांवरची नवी वस्ती

हॅम्बुर्ग समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत एल्ब नदीवर वसलेले आहे, तरी भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत पोचते. इथल्या बंदराच्या शहरालगतच्या १५७ हेक्टर भागात गेल्या पंचवीस वर्षांत हाफेनसिटी उभी राहिली. घरे, कचेऱ्या, विद्यापीठ, शाळा आणि बागा एकाच जागी असलेली ही वस्ती युरोपातल्या सर्वांत मोठ्या नगररचना प्रकल्पांपैकी एक मानली जाते.

इथला झांडटोरहाफेन हा धक्का १८६६ साली बांधला गेला. गलबतांतला माल होड्यांमधून काठाला आणण्याऐवजी वाफेच्या याऱ्यांनी तो थेट धक्क्यावर आणि तिथून रेल्वेच्या डब्यांत जाऊ लागला. १८८८ साली हॅम्बुर्ग जर्मन जकात क्षेत्रात सामील झाले. विनाजकात साठवणीची सवलत मात्र एका भागापुरती राहिली. त्यासाठी श्पायखरश्टाट ही लाल विटांच्या गोदामांची नगरी उभारण्यात आली. कॉफी, चहा, मसाले आणि गालिचे तिथे साठवले जात. या गोदामांना जागा करण्यासाठी सुमारे २०,००० माणसांना घरे सोडावी लागली. २०१५ साली या गोदामांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांचे कौतुक करताना ही विस्थापनाची बाजूही सांगितली गेली पाहिजे.

कंटेनर आल्यावर अरुंद धक्के आणि बहुमजली गोदामे निरुपयोगी ठरली. कंटेनरला खोल पाणी आणि मोठी मोकळी आवारे लागतात. त्यामुळे व्यापार एल्बच्या दक्षिण तीराकडे सरकला. १९९७ साली महापौर हेनिंग फोशेराउ यांनी जुन्या धक्क्यांची ही जागा शहरासाठी मोकळी करण्याची योजना जाहीर केली. स्पर्धेतून वास्तुकार केस क्रिस्टियान्से यांच्या चमूचा आराखडा निवडला गेला आणि २००० साली मंजूर झाला.

योजना चालली ती जमिनीच्या मालकीमुळे. जवळजवळ सगळी जमीन सार्वजनिक होती. उरलेले खासगी हक्क घोषणेपूर्वीच गाजावाजा न करता विकत घेतले गेले, त्यामुळे भाव चढवून ठेवायला कोणाला सवड मिळाली नाही. जमीन एका स्वतंत्र निधीत ठेवून तिच्या विक्रीतून रस्ते, पूल आणि उद्याने बांधली गेली. आल्टेनवेर्डरच्या नव्या कंटेनर तळाच्या खर्चाचा भारही या निधीने उचलला.

विक्रीची पद्धत तर विशेष अभ्यासण्याजोगी आहे. भूखंड लहान ठेवले जातात आणि बहुतेक ठिकाणी निवड करताना केवळ बोली पाहिली जात नाही. इमारतीचा उपयोग आणि कल्पना यांना किमतीपेक्षा जास्त वजन असते. निवड झाली तरी जमीन लगेच विकली जात नाही, ती ठरावीक मुदतीसाठी राखून ठेवली जाते. त्या मुदतीत विकासकाने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, आराखडा पक्का करायचा, परवानगी मिळवायची आणि मगच पैसे भरायचे. कबूल केलेले काम झाले नाही तर भूखंड शहराकडे परत येतो. जमीन अडवून भाववाढीची वाट पाहत बसण्याची सोयच त्यामुळे उरत नाही.

दुसरा कठीण प्रश्न पुराचा होता. फेब्रुवारी १९६२च्या वादळी उधाणात हॅम्बुर्गमध्ये तीनशेहून अधिक माणसे दगावली. हाफेनसिटी शहराच्या मुख्य संरक्षक बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला आहे. तिच्याभोवती नवा बांध घातला असता तर पहिली वीट रचण्याआधीच तो पूर्ण करावा लागला असता, आणि पाणीही नजरेआड गेले असते. म्हणून इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच चौथऱ्यांवर घेतले गेले. चौथऱ्यांच्या पोटात वाहनतळ आहेत. पाण्यालगतचे फिरण्याचे रस्ते मात्र जुन्या धक्क्यांच्या उंचीवर ठेवले. मोठ्या उधाणात पाणी तिथवर चढते, तेव्हा त्या पातळीवरच्या दुकानांचे पोलादी दरवाजे बंद होतात. चौथरा भूखंडागणिक बांधता येतो, म्हणून वस्तीही टप्प्याटप्प्याने वाढू शकली.

वर्दळ राहावी म्हणून मध्यवर्ती भागात तळमजल्यांची उंची पाच मीटर ठेवण्याचा दंडक घातला गेला. त्यामुळे तिथे दुकान, उपाहारगृह किंवा दालन येऊ शकते. २००९ साली शाळा सुरू झाली. तिचे क्रीडांगण गच्चीवर आहे. भुयारी रेल्वे २०१२ साली आली, म्हणजे वस्ती पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी. लोझेपार्क उद्यानाच्या जागी एके काळी हानोफर स्थानक होते. १९४० ते १९४५ या काळात तिथून ८,०००हून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा लोकांना छळछावण्यांकडे आणि मृत्यूकडे पाठवले गेले. २०१७ पासून तिथे त्यांचे स्मारक आहे. जागेचा इतिहास जपण्याचे हे काम साऱ्या प्रकल्पातले सर्वांत मोलाचे मानले पाहिजे.

जगभर छायाचित्रे झळकली ती एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाची. १९६०च्या दशकातल्या गोदामावर हेर्झोग आणि द म्यूराँ या वास्तुकारांनी काचेची इमारत चढवली. शहराचा वाटा सुरुवातीला ७ कोटी ७० लाख युरो सांगितला होता. तो ७८ कोटी ९० लाखांवर गेला. ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा, जानेवारी २०१७ मध्ये ते खुले झाले. ३७ मीटर उंचीवरच्या सज्जात मैफिलीचे तिकीट नसलेल्यांनाही जाता येते.

पश्चिमेकडची पहिली घरे सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती, ही टीका रास्त होती. पुढच्या टप्प्यांत सुमारे एक तृतीयांश घरे अनुदानित ठेवण्याचे धोरण आले. हा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता.

मोठे तुकडे एकेका विकासकाच्या हाती दिले गेले, तिथे मात्र काम बिघडले. युबरझेक्वार्टियर या विभागाचा दक्षिण भाग २००८च्या आर्थिक संकटानंतर अनेक वर्षे रखडला आणि नव्या मालकाकडून एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला. पूर्व टोकाला २४५ मीटर उंचीचा एल्बटॉवर उठणार होता. २०२३ साली विकासक अडचणीत आल्याने त्याचे काम सुमारे १०० मीटरवर थांबले. लहान भूखंडांवरची डाल्मानकायची वस्ती मात्र २००९ सालीच पुरी होऊन नांदू लागली होती.